चोर हात लावणार नाही असा डबा

परदेशातल्या चोरांची सगळी माहिती मला पनवेलमध्येच मिळाली. काका-काकी युरोपला जाणार आणि काकींच्या गुडघ्यांसाठी मीही बरोबर जाणार, ही बातमी गल्लीत फुटली, त्या दिवसापासून जो येईल तो चहा पिता पिता एक चोर सांगून जायचा. भाजीवाली म्हणाली, तिकडचे चोर सुटाबुटात असतात. समोरच्या बंगल्यातले भाऊ एकदा बँकॉकला जाऊन आलेले. ते म्हणाले, "तिकडं चोर आधी नमस्कार करतो, मग काम." काकींचा कामोठ्याला राहणारा भाचा तर मोबाईलवर व्हिडिओच घेऊन आला. एक बाई रस्त्यात कागद पुढे करते, सही करा म्हणते, आणि आपली सही होईपर्यंत तिची मैत्रीण आपली पर्स मोकळी करते. एक माणूस प्रेमाने मनगटाला दोरा बांधतो आणि मग पैशासाठी मागे लागतो. कुणी आपल्या खांद्यावर चटणीसारखं काहीतरी सांडतं, पुसायला जवळ येतं, आणि पुसून नेतं ते पाकीट.

"चटनी सांडली तर मी चाटून टाकीन," काका म्हणाले. "पुसायला कोन येतो बघू."

सगळे हसले. मी कप आत नेऊन ठेवले आणि परत बाहेर येऊन भाच्याला विचारलं, "तो दोरा कुठल्या हाताला बांधतात?"

माझा स्वभावच असा, त्याला काय करणार. माझं गाव हिंगोली जिल्ह्यात. सातवीपर्यंत शाळा गावात होती, पुढची ओढ्यापलीकडे. एक वर्षी ओढ्याला पाणी आलं म्हणून घरी बसले, ती बसलेच. म्हाताऱ्या माणसांचं करायच्या कामावर इकडे आले. आई गावाकडे. तिचा रोज फोन येतो आणि रोज एकच प्रश्न असतो, "जेवलीस का गं?" एवढ्या लांब राहणाऱ्या माणसाला दुसरं काय विचारणार.

काकींकडे येण्याआधी मी खारघरला एका घरी होते. तिथल्या बाईंची अंगठी हरवली. मला कुणी चोर म्हणालं नाही; चांगली माणसं होती. फक्त म्हणाले, "तुझी बॅग जरा बघू का?" बघितली, पुन्हा नीट घडी घालून भरूनही दिली. अंगठी पुढे कपड्याच्या मशीनच्या जाळीत सापडली, आणि सापडल्याचा पेढा त्यांनी मलाही दिला. तो पेढा गिळायला मला फार पाणी लागलं. तेव्हापासून मी ज्या घरात असते तिथे काही दिसेनासं झालं की घरच्यांच्या आधी मी घाबरते. टीव्हीचा रिमोट हरवला तरी.

काका-काकींचं घर पळस्पे फाट्याच्या अलीकडे. घराणं मिठागरवाल्यांचं. आता मिठागरं नाहीत, जमिनीही गेल्या, त्यांच्या बदल्यात दुमजली बंगला आला आणि त्या बंगल्याच्या पायऱ्या चढून चढून काकींचे गुडघे गेले. मुलगा आणि सून प्रेमळ. आईबापाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलाने मराठी टूरवाल्यांची सहल ठरवली. नातवंडांच्या परीक्षा असल्याने ती दोघं येणार नव्हती. काकी म्हणाल्या, "ही येत असंल तर जाते, नायतर तुझा बाप एकटा जाऊदे." म्हणून माझा पासपोर्ट निघाला. चौकशीला आलेल्या पोलिसाने काकींना विचारलं, "ही तुमची कोण?"

"आमची हाय," काकी म्हणाल्या.

"म्हणजे नातं काय?"

"सांगितलं ना, आमची हाय."

त्याने काय लिहून घेतलं मला माहीत नाही. पासपोर्ट आला.

जायच्या आधी टूरवाल्यांनी एका हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. आमच्याबरोबर येणारी टूर मॅनेजर बाई माईकवर बोलत होती. साडेपाच फूट उंच, आवाज शाळेच्या घंटेसारखा. "गर्दीत बॅग तान्ह्या बाळासारखी पुढे धरायची. ती आहे का हे बघायला मागे वळावं लागलं, म्हणजे उशीर झाला. पासपोर्टचे फोटो मोबाईलमध्येही ठेवा आणि घरी मुलांकडेही ठेवा. सगळे पैसे एका खिशात नकोत. आणि सोनं अजिबात घालून यायचं नाही."

काकींनी हात वर केला. "मंगलसूत्र?"

"ते पण नको, मावशी. साधे काळे मणी घाला."

हॉलमधल्या सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकी बोलल्या त्या रिक्षात बसल्यावर. "बालंतपनात काढलं नाय, गुडघ्याच्या आपरेशनला डॉक्टर ओरडला तरी हातात धरून ठेवलं. आन आता नवऱ्याबरोबर फिरायला चाललीय, तर काढून ठेवू?"

काकींच्या लोकांत सोनं ही कपाटात ठेवायची वस्तूच नाही. बाजारात जातानासुद्धा अंगावर असतं ते सोनं, बाकीचा नुसता धातू. आणि हे मंगळसूत्र तर बोटाएवढ्या जाड साखळीचं. शेवटी मी तोड काढली. काकी साडी नेसूनच फिरणार होत्या, तेव्हा परकराला आतून खिसा शिवायचा, मंगळसूत्र कापडी पिशवीत घालून त्यात ठेवायचं आणि वर दोन सेफ्टी पिना. गळ्यात काळ्या मण्यांचा सर.

काकींनी विचार केला. "म्हंजे अंगावरच हाय ना?"

"अंगावरच आहे."

"मंग झालं."

खिसा मी दुहेरी टाक्याने शिवला. शिवताना मला दिसत होतं की आता ते मंगळसूत्र चोरापासून सांभाळायचं काम काकींचं नाही, माझं झालंय.

काकींनी दुसरी तयारी केली ती जवळ्याची. जवळा म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. टूरवाले रोज वरण-भात देणार होते, पण सुक्या मासळीशिवाय एवढे दिवस काढायचे म्हणजे काकींच्या मते उपासच. त्यांनी लसूण, मिरची आणि कोकम घालून जवळा कोरडा परतला आणि कडीच्या स्टीलच्या डब्यात भरला. हा डबा त्यांच्या मामाने लग्नात दिलेला. झाकणावर त्या काळच्या पद्धतीने मामाचं नाव, गावाचं नाव आणि 'सप्रेम भेट' असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. डबा चार पिशव्यांत गुंडाळला तरी वास पाचवी पिशवी मागत होता.

काका म्हणाले, "ह्या डब्याला चोर हात लावनार नाय. लावला तर परत आनून देईल."

तेव्हा आम्ही तिघंही हसलो. काकी जरा कमी हसल्या. त्यांच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी शिरलं असावं.

रोममध्ये मी बघितलं काय, असं मला आईने फोनवर विचारलं तेव्हा मला पटकन सांगता येईना. मी काकींची कंबर बघितली. मोठमोठे खांब होते, कारंजी होती, हे खरं. पण दर दहा पावलांनी माझा हात काकींच्या परकराच्या खिशाकडे जायचा. 'चोरांपासून सावध' अशी पाटी दिसली की दोनदा जायचा. टूर मॅनेजर बाईने मला बाजूला घेतलं. "ताई, असं करू नका. ती पाटी वाचून लोक आपोआप आपला खिसा चाचपतात, आणि चोर पाटीच्या बाजूला उभा राहून तेच बघत असतो. माल कुठे आहे ते तुम्हीच सांगताय त्याला."

हे ऐकल्यावर मी हात पाठीमागे बांधून चालायला लागले. आता माझे डोळे त्या खिशाकडे जायला लागले.

एका चौकात एक बाई आमच्या पुढे चालता चालता वाकली आणि जमिनीवरून पिवळीधमक अंगठी उचलून काकांपुढे धरली. ही तुमची का, असं खुणेने विचारलं. भाच्याच्या व्हिडिओत हीही बाई होती! मी काकांचा सदरा ओढला, पण काकींनी तोवर ती अंगठी घेऊनही टाकली, तळहातावर एकदा वर उडवून झेलली आणि बाईला परत दिली.

"पितल हाय गो बाय," त्या तिला समजुतीने म्हणाल्या. "तुना कोनी फसवलं."

ती बाई काय समजली कोण जाणे, पण काकींच्या चेहऱ्यावर इतकी खरी कणव होती की ती अंगठी घेऊन मुकाट्याने निघून गेली.

खरी चोरी झाली ती शहरातल्या साध्या बसमध्ये. आमच्यातल्या नाशिकच्या एका गृहस्थांनी एका बाईची बाबागाडी वर चढवायला मदत केली आणि तेवढ्यात त्यांच्या मागच्या खिशातलं पाकीट गेलं. त्यांना कळलं ते तीन थांब्यांनंतर, तिकीट काढायला हात घातला तेव्हा. टूर मॅनेजर बाईने बसमधूनच त्यांची कार्डं बंद करून घेतली, मग पोलिसांकडे नेऊन तक्रार दिली; विम्याला कागद लागतो म्हणाली. ते गृहस्थ मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. "काही जाणवलंच नाही हो. मुंगी चावली असती तर कळलं असतं."

काकी ते वाक्य लक्ष देऊन ऐकत होत्या.

बाईने सगळ्यांना सांगितलं, हॉटेलच्या खोलीत तिजोरी असते, किमती वस्तू तिच्यात ठेवा. काकींनी मान हलवली आणि खोलीत आल्यावर मला म्हणाल्या, "ज्याचं कपाट, त्याच्याकडं दुसरी चावी असतेच." तिजोरीत त्यांनी गुडघ्याचं मलम ठेवलं.

पॅरिसला सहलीचा शेवट होता. निघायच्या आदल्या दिवशी सगळे उंच मनोऱ्यावर गेले. काका आले नाहीत. "वर जाऊन काय करायचं? खालीच उतरायचं हाय." काकींना लिफ्टने वर नेलं, त्यांनी खालचं सगळं शहर बघितलं आणि म्हणाल्या, "घरं किती एकसारखी गो. आपलं कुठलं ते कसं ओलखत असतील?" त्या दिवशी त्या फार मजेत होत्या. मीही जरा सैल झाले होते. सहल संपत आली होती आणि आमचं काही गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान भरत होतो. बस खाली लागली होती. काका बाथरूममध्ये दाढी करत होते. मी काकींना साडी नेसवायला परकर हातात घेतला आणि रोमला सोडलेल्या सवयीने पुन्हा खिसा चाचपला. पिना जागच्या जागी होत्या. खिसा मात्र सपाट.

"काकी, पिशवी?"

"हाय, हाय," काकी म्हणाल्या. चेहऱ्यावर चक्क खोडकर हसू. "मी जागा बदलली. रोमलाच बदलली. त्या मानसाच्या मागच्या खिशाला कललं नाय, तर माझ्या परकराला काय कलनार?"

"मला सांगितलं नाही?"

"तुना सांगितलं असतं तर तू तिथंच बघत बसली असती. तुझे डोलेच चोराला पत्ता देतात."

बोलता बोलता त्या मोठ्या बॅगेत हात घालून चाचपत होत्या. कपड्यांखाली. मग कपड्यांवर. मग दुसऱ्या बॅगेत. हसू हळूहळू गेलं. त्या पलंगावर बसल्या आणि त्यांचा हात गळ्याशी गेला, काळ्या मण्यांच्या सराशी.

"डबा नाय," त्या म्हणाल्या.

जवळ्याचा डबा. चोर ज्याला हात लावणार नाही, तो. त्यांनी पिशवी जवळ्याच्या तळाशी दाबून ठेवली होती.

खोलीत मी, काकी आणि बाथरूममध्ये गुणगुणणारे काका. खोलीची चावी दिवसभर कधी माझ्याकडे, कधी काकांकडे. मला खारघरचं घर दिसलं, ते मशीन दिसलं, तो पेढा दिसला. कुणी काही बोलायच्या आधी मी माझी बॅग उचलली आणि पलंगावर पालथी केली. चार कपडे, कंगवा, आईसाठी घेतलेला छोटा मनोरा, मोजे. बॅगेचे कप्पेही उलटे करून दाखवले.

"काय करतेस गो?" काकी म्हणाल्या.

"बघा काकी. माझ्याकडे नाही."

काकींनी माझ्याकडे बघितलं, मग पलंगावरच्या माझ्या कपड्यांकडे. इतक्या दिवसांत त्यांना रागावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"भर ते," त्या म्हणाल्या. "आदी भर. अगो, तुझ्याकडं असतं तर मी कशाला घाबरली असती?"

मी मोजे भरायला लागले, पण मला ते नीट दिसत नव्हते. एक मोजा मी काकांच्या बॅगेत भरला हे पनवेलला कळलं.

तेवढ्यात काका बाहेर आले, गालावर साबण, खांद्यावर टॉवेल. "काय झालं?"

"जवल्याचा डबा कुठं हाय?"

"तो? तो दिला ना मी काल!" काका असे खुशीत म्हणाले की जणू शाबासकीच मिळणार होती. "तुमी वर गेलेल्या तेव्हा. सांगायचं राहिलं बघ."

झालं होतं ते असं. काका एकटेच खाली फिरायला गेले होते. हॉटेलच्या मागच्या रस्त्याला एक किराण्याचं छोटं दुकान होतं. बाहेर कोथिंबीर मांडलेली. काकांनी जुडी उचलली आणि आपल्याशीच मोठ्याने बोलले, "येवडीशी? हिच्यात काय व्हतंय?"

आतून आवाज आला, "काका, पनवेल का?"

तो पनवेलच्या मोहल्ल्यातला निघाला. आधी आखातात होता, मग इकडे आला. काकांनी त्याला बापाचं विचारलं, तर तो बाजारातल्या बर्फवाल्याचा मुलगा. काकांनी आयुष्यभर मासळीचा धंदा केला, त्या मासळीच्या बर्फाचा हिशेब त्याच बर्फवाल्याशी. मग काय! दोघांनी काउंटरवरच चहा घेतला. गाढी नदी कशी आहे, नाका किती बदलला, विमानतळ कुठवर आला. शेवटी तो म्हणाला, "काका, इथे सगळं मिळतं. फक्त आपला जवळा मिळत नाही. खाऊन वर्षं झाली." एवढं ऐकल्यावर काका थांबतात कशाचे. वर खोलीत आले आणि चार पिशव्यांसकट डबा त्याच्या हातात देऊन आले.

"त्याच्या डोल्यात पानी आलं गो," काका म्हणाले.

"त्या डब्यात माझं मंगलसूत्र हाय," काकी म्हणाल्या.

काकांच्या गालावरचा साबण तसाच वाळला.

आम्ही तिघं त्या दुकानाकडे गेलो. जमेल तेवढं पळत, म्हणजे काकींच्या गुडघ्यांइतकं. शटर बंद. टूर मॅनेजर बाई आमच्या मागोमाग आली. तिने पाटीवरचा नंबर लावला, तर फोन शटरच्या आतच वाजायला लागला. आम्ही चौघं बाहेर उभे राहून तो ऐकत होतो.

"त्याचा मोबाईल नंबर?" बाईने विचारलं.

"नंबर कशाला घेऊ?" काका म्हणाले. "बर्फवाल्याचा पोरगा हाय. घर ठावं हाय."

"आणि त्याला तुमचं नाव माहितीये?"

त्याने काकांना काका म्हटलं होतं, काकांनी त्याला बाबा म्हटलं होतं. पनवेलच्या दोन माणसांना आणखी काय लागतं?

बाई म्हणाली, "काका, चोरी झाली असती तर मी आत्ता पोलिसांत गेले असते. तुम्ही दान केलंय. दानाची तक्रार कुठे करू?" मग तिने शेजारच्या पाववाल्याला खुणा करून काहीतरी सांगून बघितलं. त्याने आम्हाला पाव देऊ केला. विमानाची वेळ झाली होती. बस निघाली. घरी फोन करू का विचारलं, तर काकी म्हणाल्या, "फोनवर नको. जाऊनच सांगू."

विमानात काकींचा हात सारखा मण्यांवर होता. काकांनी आपल्या ताटातला गोडाचा तुकडा त्यांच्या ताटात ठेवला, त्यांनी तो न बघता माझ्या ताटात ठेवला. मी मनातल्या मनात काकींच्या मुलाशी बोलत होते. मी कशी आहे ते काका-काकींना माहीत होतं. पण घरी मुलगा होता, सून होती, भाऊबंद होते, चहाला येणारी सगळी गल्ली होती. एवढं मोठं सोनं आणि ते म्हणे जवळ्याच्या डब्यात गेलं, हे ऐकायला कसं वाटेल? मलाच खरं वाटत नव्हतं. बरोबर कामाची बाई होती ना, असं कुणी नुसतं म्हणालं तरी पुरे. तोंडाने कुणी म्हणायचीही गरज नव्हती. मी शब्द जुळवत होते. एकदा जुळवलेले पुन्हा मोडत होते.

बाहेर आलो तर मुलगा गाडीला टेकून उभा. आणि हसत होता. नुसता हसत नव्हता, पोट धरून.

"आई, जवळा कसा होता गो?"

काकींनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे.

मग त्याने सांगितलं. दुकानदाराने त्या संध्याकाळी घरी जाऊन तवा तापवला आणि डबा पालथा केला. जवळ्यामागून कापडी पिशवी धपकन तव्यावर पडली. दुसऱ्या दिवशी तो भल्या सकाळी निघून हॉटेलवर गेला. आम्ही दुकानापाशी उभे होतो तेव्हा तो बहुतेक हॉटेलच्याच रस्त्याला होता. तो पोचला तर बस निघून गेलेली. हॉटेलवाले पाहुण्यांची नावं सांगेनात, आणि त्यांनी ते बरोबरच केलं. मग त्याने डब्याचं झाकण पुसून बघितलं. मामाचं नाव होतं, गावाचं नाव होतं. द्रोणागिरीकडचं गाव, जिथे आता गोदामंच गोदामं आहेत. बाप वारलेला, नाहीतर त्यानेच काकांना ओळखलं असतं; म्हणून त्याने झाकणाचा फोटो पनवेलला आईला पाठवला. तिने उरणला असलेल्या आपल्या भाच्याला पाठवला. भाचा टेम्पो घेऊन त्या गावात गेला. मामा कधीच वारले, पण त्यांचा नातू म्हणाला, "हा डबा? ही तर पळस्प्याला दिलेली आत्या. ती फॉरेनला गेलीय ना!" आणि त्याने आमच्या घरी फोन केला. आमचं विमान तेव्हा कुठल्या तरी समुद्रावर होतं.

"म्हटलं होतं ना," काका म्हणाले, "चोर परत आनून देईल."

"तो चोर हाय काय?" काकी कडाडल्या. विमानात बसल्यापासून त्या पहिल्यांदा बोलत होत्या. मग त्यांनी माझा हात धरला आणि गाडीत चढताना सोडलाच नाही. मी जुळवलेले सगळे शब्द तसेच राहिले.

त्याच आठवड्यात काकी मला घेऊन मोहल्ल्यात गेल्या. बर्फवाल्याची बायको, म्हणजे त्या दुकानदाराची आई, दारातच उभी होती. दोघी एकमेकींना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होत्या, पण बोलणं असं सुरू झालं जसं कालचं अर्धं राहिलेलं.

"रात्री फोन आला मुलाचा," ती सांगत होती. "म्हणतो, अम्मी, अजून एक घास खाल्ला नाही आणि हे निघालं. आता जवळा खाऊ का नको? जायज आहे का? मी म्हटलं, बेटा, मंगळसूत्र त्यांचं, जवळा तुझा. बिनधास्त खा."

काकी इतक्या हसल्या की गुडघा धरावा लागला.

लग्नसराईत बर्फवाल्यांचे एक नातेवाईक पॅरिसहून आले. मंगळसूत्र त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात आणलं होतं, खिसा टाके घालून बंद केलेला. टाके बघून मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार आपुलकी वाटली. डबाही आला. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, मोहल्ल्यातही देत नाहीत. बर्फवाल्याच्या बायकोने तो सांदणांनी भरून पाठवला होता. तांदळाची, मऊ, पांढरी, नारळाच्या दुधात भिजलेली. मंगळसूत्राला मात्र जवळ्याचा वास बरेच दिवस होता. काकी देवापुढे बसल्या की शेजारची मांजर येऊन त्यांच्याकडे भक्तिभावाने बघत बसायची.

नातेवाईक परत निघाले तेव्हा काकींनी पुन्हा जवळा परतला. त्याच डब्यात भरला. मी ओट्याजवळ कांदा चिरत होते.

"इकडं ये गो."

मी गेले. काकींच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, ते मी आधी बघितलं. सवय.

"हात घाल आत," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"तू बघितल्याबिगर मी झाकन लावनार नाय. आता ह्या घरातनं कुठलाबी डबा तू बघितल्याबिगर जायाचा नाय."

मी हात धुतला, पुसला आणि पार तळापर्यंत घातला. जवळा होता. नुसता जवळा. मी झाकण ठेवलं, कडी लावली, आणि ती घट्ट बसली का ते बघायला एकदा ओढून बघितली.

"दोनदा बघ," काकी म्हणाल्या. "तुझं एकदानं भागत नाय."

मी दोनदा बघितली.